एरिथ्रिटॉल, स्टीव्हिया, माल्टिटॉल : तुलना कशाची आणि कशाशी?

लो-कार्ब आहार सुरू केलेल्या माणसाला पहिला प्रश्न पडतो भात-पोळीचा आणि दुसरा चहाचा. पहिल्याचं उत्तर निदान सांगायला तरी सोपं आहे : कमी करा. चहाच्या बाबतीत मात्र बाजार मदतीला धावून येतो. स्टीव्हिया, सुक्रालोज, एरिथ्रिटॉल, झायलिटॉल, माल्टिटॉल, मंक फ्रूट, अ‍ॅल्युलोज. मग कुणीतरी एक तक्ता बनवतं. डावीकडे नावं, वर रकाने : गोडी किती, कॅलरी किती, ग्लायसेमिक इंडेक्स किती, ‘सुरक्षित’ आहे का. हा तक्ता व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो, डाएटच्या पुस्तकात छापला जातो, आणि मी पाहिलंय की कधीकधी सिनॉप्सिसच्या ‘पूर्वसंशोधनाचा आढावा’ या प्रकरणातही जसाच्या तसा येऊन बसतो.

आज या तक्त्याबद्दल आणि त्यामागच्या एका गाजलेल्या शोधनिबंधाबद्दल लिहितोय. तुमच्यापैकी बरेच जण पेट किंवा नेटची तयारी करताय, मुलाखतीत ‘एखादा पेपर वाचून त्यावर टीका करा’ असं सांगतात. टीका म्हणजे ‘सॅम्पल साइझ लहान आहे’ एवढं म्हणणं, असा आपल्याकडे समज आहे. तसं नाही, हे दाखवायला गोडीचा विषय फार छान आहे.

आधी तक्त्याचे रकाने बघू. गोडीचा आकडा येतो चव घेणाऱ्या माणसांच्या पॅनेलकडून. सुक्रालोज साखरेच्या सुमारे ६०० पट गोड, अ‍ॅस्पार्टेम सुमारे २०० पट, एरिथ्रिटॉल साखरेच्या ६०–७० टक्के गोड. ग्लायसेमिक इंडेक्स येतो दहाएक निरोगी माणसांच्या दोन तासांच्या रक्ततपासण्यांवरून, आणि त्याच्या व्याख्येतच पचणाऱ्या कर्बोदकांची ठरावीक मात्रा आहे, साधारणपणे ५० ग्रॅम. आता विचार करा, स्टीव्हियाच्या पानातून काढलेल्या ग्लायकोसाइडमध्ये असं पचणारं कर्बोदक उरतच नाही, चहाला लागतात काही मिलिग्रॅम, मग त्याचा ‘ग्लायसेमिक इंडेक्स शून्य’ म्हणजे नेमकं काय मोजलं? काहीच नाही. तो शून्य गणनेतून आलेला नाही, रिकाम्या जागी लिहिलेला आहे. आणि ‘सुरक्षित’चा रकाना बहुतेक वेळा प्राण्यांवरच्या विषारीपणाच्या चाचण्यांवरून काढलेल्या दैनंदिन मर्यादेवर उभा असतो, जसं अ‍ॅस्पार्टेमसाठी जेईसीएफए या समितीने ठेवलेली शरीराच्या किलोमागे ४० मिलिग्रॅमची मर्यादा. म्हणजे चार रकाने, चार वेगळ्या पद्धती, चार वेगळे काळ, आणि ओळीत मांडले की सगळे एकाच तराजूत तोलल्यासारखे दिसतात.

लो-कार्बवाल्यांसाठी यातला सर्वात महागात पडणारा घोळ माल्टिटॉलचा. ‘नेट कार्ब’ काढताना एकूण कर्बोदकांतून फायबर वजा करायचं आणि शुगर अल्कोहोलही वजा करायचे, असा एक सोपा हिशोब रूढ आहे. एरिथ्रिटॉलला तो बऱ्यापैकी लागू पडतो, कारण त्यातलं सुमारे ९० टक्के लहान आतड्यातून रक्तात जातं आणि न बदलता लघवीवाटे बाहेर पडतं. माल्टिटॉलचं तसं नाही. त्याचं काही प्रमाणात ग्लुकोज होतं. जेफ्री लिव्हसी यांच्या २००३ च्या आढाव्यात माल्टिटॉलचा ग्लायसेमिक इंडेक्स ३५ च्या आसपास आहे, सिरपच्या रूपात आणखी जास्त. एरिथ्रिटॉलचा शून्य, झायलिटॉलचा १३. साखरेचा साधारण ६५ धरतात. म्हणजे ‘शुगर-फ्री’ चॉकलेटमधलं ३० ग्रॅम माल्टिटॉल हिशोबात शून्य धरायचं, आणि शरीरात मात्र ते साखरेच्या निम्म्या वजनाने हजर. दोन्ही ‘शुगर अल्कोहोल’ आहेत म्हणून एका वजाबाकीत बसवले. रसायनशास्त्रातला वर्ग आणि चयापचयातलं वागणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, पण लेबल लिहिणाऱ्याला पहिली सोयीची पडते.

दुसरा घोळ पाकिटाचा. एक चमचा साखर म्हणजे चार ते पाच ग्रॅम. तेवढ्या गोडीला सुक्रालोज लागतं सात-आठ मिलिग्रॅम. एवढीशी पूड पाकिटात दिसणारसुद्धा नाही, म्हणून भर घालतात : डेक्स्ट्रोज, माल्टोडेक्स्ट्रिन, लॅक्टोज किंवा एरिथ्रिटॉल. डेक्स्ट्रोज म्हणजे ग्लुकोजच. अमेरिकेत एका सर्व्हिंगला ५ पेक्षा कमी कॅलरी असतील तर लेबलवर शून्य लिहिता येतं, त्यामुळे चमच्याला अर्धा ग्रॅम भर असलेली पूड ‘शून्य कॅलरी’ ठरते. चहाच्या चमच्यापुरतं ठीक आहे. पण तीच पूड कपाने मोजून केकमध्ये घातली की ४८ चमचे म्हणजे २४ ग्रॅम कर्बोदकं झाली. जो माणूस दिवसाला ३० ग्रॅमच्या आत राहायचा प्रयत्न करतोय त्याचा दिवस तिथेच संपला.

आणि मजा अशी की ‘स्टीव्हिया’ किंवा ‘मंक फ्रूट’ असं मोठ्या अक्षरात लिहिलेल्या अनेक डब्यांत वजनाने जवळजवळ सगळं एरिथ्रिटॉलच असतं. तेव्हा ‘स्टीव्हिया चांगलं की एरिथ्रिटॉल’ हा प्रश्न विचारणारा बऱ्याचदा एकाच डब्याच्या दोन घटकांत तुलना करत असतो.

हे भर घालण्याचं प्रकरण नुसतं ग्राहकाचं नाही, संशोधकाचंही आहे. २०२२ साली ‘सेल’मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या गटाचा प्रयोग आला. १२० निरोगी माणसं, सॅकरिन, सुक्रालोज, अ‍ॅस्पार्टेम, स्टीव्हिया असे चार गट, दोन आठवडे. सॅकरिन आणि सुक्रालोजच्या गटांत ग्लुकोज सहन करण्याची क्षमता बिघडलेली दिसली. पण त्यांनीही बाजारातली पाकिटं वापरली होती आणि पाकिटांत भर होती ग्लुकोजची. त्यांनी काय केलं? नुसतं तेवढंच ग्लुकोज घेणारा पाचवा गट ठेवला आणि काहीच न घेणारा सहावा. हा पाचवा गट नसता तर अख्ख्या निबंधाला काही अर्थ उरला नसता. कंट्रोल ग्रुप म्हणजे काय हे पुस्तकातून पाठ करण्यापेक्षा हे एक उदाहरण लक्षात ठेवा.

उलट बाजूने, २०२० मध्ये ‘सेल मेटाबॉलिझम’मधल्या येल विद्यापीठाच्या प्रयोगात नुसतं सुक्रालोज, नुसती साखर आणि सुक्रालोज अधिक माल्टोडेक्स्ट्रिन अशी तीन पेयं दिली होती. इन्सुलिनची संवेदनशीलता घटली ती तिसऱ्या गटात. म्हणजे ‘सुक्रालोज वाईट का’ या प्रश्नाला ‘कशाबरोबर’ हा उपप्रश्न जोडल्याशिवाय उत्तरच नाही. ज्याने कर्बोदकं सोडलीत त्याला यातला कुठला गट लागू पडतो, हे तुम्हीच ठरवा.

आता मुख्य पेपर

फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये क्लीव्हलँड क्लिनिकच्या स्टॅनली हेझन यांच्या गटाचा निबंध आला. पहिले लेखक मार्को विटकोव्स्की. जगभर बातमी झाली : एरिथ्रिटॉलने हृदयविकाराचा धोका दुप्पट. लो-कार्ब मंडळींत तर हलकल्लोळ, कारण त्यांच्या केक-बिस्किटांचा सगळा डोलारा याच पावडरवर उभा.

निबंधाची रचना आधी नीट समजून घेऊ, कारण ती चांगली आहे. हृदयाच्या तपासणीसाठी आलेल्या ११५७ लोकांच्या रक्तात कुठलाही एक पदार्थ आधी न ठरवता शेकडो रेणू मोजले आणि पुढच्या तीन वर्षांत कुणाला हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यू आला ते पाहिलं. एरिथ्रिटॉल वर आलं. अशा अनटार्गेटेड मोजणीत सारखंच वजन असलेले भाऊबंद रेणू एकमेकांत मिसळण्याची भीती असते, म्हणून त्यांनी खास एरिथ्रिटॉलसाठी अचूक पद्धत तयार केली आणि अमेरिकेतल्या २१४९ व युरोपातल्या ८३३ लोकांच्या नमुन्यांवर पुन्हा मोजलं. सर्वात वरच्या चतुर्थांशाची सर्वात खालच्या चतुर्थांशाशी तुलना करता हॅझार्ड रेशो अमेरिकेत १.८० (१.१८ ते २.७७) आणि युरोपात २.२१ (१.२० ते ४.०७). वय, लिंग, मधुमेह, रक्तदाब, वजन, कोलेस्टेरॉल, धूम्रपान यांची दुरुस्ती करूनही. मग प्रयोगशाळेत प्लेटलेटवर एरिथ्रिटॉल टाकलं तर त्या जास्त चिकट होतात, उंदरांत गुठळी लवकर बनते, हे दाखवलं. शेवटी आठ निरोगी स्वयंसेवकांना ३० ग्रॅम एरिथ्रिटॉल प्यायला दिलं आणि रक्तातली पातळी दोन दिवसांहून जास्त काळ चढलेली राहिली.

कोहोर्ट, पडताळणी, पेशी, प्राणी, माणूस. एकाच निबंधात एवढ्या पायऱ्या चढणारे लोक कमी असतात. त्यामुळे ‘काय फालतू स्टडी’ म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

माझा आक्षेप शीर्षकापासून सुरू होतो. शीर्षकात एरिथ्रिटॉलला ‘कृत्रिम गोडवा’ म्हटलंय. पण कोहोर्टमध्ये मोजलंय काय? उपाशीपोटी रक्तात असलेलं एरिथ्रिटॉल. ते कुठून आलं हे मोजलेलं नाही. या लोकांनी काय खाल्लं याची नोंदच नव्हती. आणि एरिथ्रिटॉल आपलं शरीर स्वतः बनवतं. २०१७ साली कॉर्नेलच्या गटाने ‘पीएनएएस’मध्ये दाखवलं की ग्लुकोजपासून पेंटोज फॉस्फेट मार्गाने ते माणसाच्या शरीरात तयार होतं, आणि ज्या तरुण विद्यार्थ्यांच्या रक्तात ते सुरुवातीला जास्त होतं त्यांच्यात पुढे पोटावरची चरबी वाढली. म्हणजे एरिथ्रिटॉल हा खाल्लेला पदार्थही असू शकतो आणि बिघडू लागलेल्या चयापचयाचा धूरही असू शकतो. हेझन यांच्या गटालाही हा शरीरातला स्रोत माहीत आहे, निबंधात त्याचा उल्लेख आहे. पण शीर्षकात नाही, आणि बातमी शीर्षकाची होते.

आता निबंधातलेच आकडे एकमेकांशेजारी ठेवून बघा. उपाशीपोटी पातळी असते काही मायक्रोमोलर. ३० ग्रॅम प्यायल्यावर ती हजारपट वाढते आणि उतरायला दोन दिवसांहून जास्त घेते. मग कोहोर्टमधल्या वरच्या चतुर्थांशातले लोक जर नियमित एरिथ्रिटॉल खाणारे असते, तर त्यांचे आकडे बाकीच्यांपेक्षा कितीतरी पटींनी वर दिसायला हवे होते. फरक तसा नव्हता. शिवाय हे नमुने मुख्यतः एरिथ्रिटॉल पदार्थांत सर्रास पडायला लागण्याच्या आधीच्या काळात घेतलेले. मला यावरून वाटतं की कोहोर्टमधला चढउतार बहुतांशी शरीराने बनवलेल्या आणि किडनीने बाहेर टाकलेल्या एरिथ्रिटॉलचा आहे. बाहेर पडायचा रस्ता लघवीचा, किडनी थोडी मंदावली की पातळी चढणार, आणि मंदावलेली किडनी हृदयविकाराची जुनी सोबतीण. सांख्यिकीत ‘मधुमेह : हो/नाही’ असा रकाना भरून दुरुस्ती करता येते, पण दहा वर्षांचा बेताल मधुमेह आणि गेल्या महिन्यात कळलेला मधुमेह दोन्ही ‘हो’मध्येच बसतात. उरलेला फरक कुठेतरी डोकं वर काढतोच.

इथे एक प्रतिवाद होऊ शकतो आणि तो हलका नाही : शरीरातल्या थोड्याशा वाढीशीही धोका जोडलेला दिसतोय, तर हजारपट वाढीने किती होईल! पण या वाक्यात एक गृहीतक लपलंय, की दोन्ही ठिकाणी एरिथ्रिटॉल हेच कारण आहे. पहिल्या ठिकाणी ते निव्वळ खूण असेल तर दुसऱ्या ठिकाणचा धोका पहिल्यावरून काढता येत नाही. तो वेगळा तपासावा लागेल.

आणि त्यांनी तो तपासायला घेतला, हे त्यांच्या बाजूने नमूद करायला हवं. ऑगस्ट २०२४ मध्ये पुढचा छोटा निबंध आला : दहा निरोगी माणसांना ३० ग्रॅम एरिथ्रिटॉल, दुसऱ्या दहांना ३० ग्रॅम ग्लुकोज. पेय घेण्याआधी आणि नंतर थोड्या वेळाने प्लेटलेट तपासल्या. एरिथ्रिटॉलच्या गटात त्या जास्त सक्रिय झाल्या, ग्लुकोजच्या नाही. हा पुरावा मला पहिल्या कोहोर्टपेक्षा जास्त अस्वस्थ करतो, कारण इथे खाल्लेलं किती हे माहीत आहे. ज्याला आधीच स्टेंट बसलाय त्याने केक-बिस्किटांतून दिवसाला ३०-४० ग्रॅम एरिथ्रिटॉल खाताना डॉक्टरांना विचारावं, एवढं म्हणायला हे पुरेसं आहे.

पण ‘ग्लुकोजपेक्षा वाईट’ असं म्हणायला पुरेसं नाही. ग्लुकोजचं नुकसान अर्ध्या-एक तासात प्लेटलेटमध्ये दिसत नाही. ते वर्षानुवर्षं साचतं : वजन, यकृतातली चरबी, वाढलेली साखर, मग रक्तवाहिन्या. ज्या खिडकीतून एका पदार्थाचा दोष दिसतो आणि दुसऱ्याचा दिसूच शकत नाही, त्या खिडकीत उभं राहून दोघांची तुलना केली तर निकाल आधीच ठरलेला असतो. मुलाखतीत तुम्हाला या पेपरवर एकच मुद्दा मांडायची संधी मिळाली तर सॅम्पल साइझ सोडा, हा मांडा.

हे सगळं मला इतकं का खुपतं? बातमी आली त्या आठवड्यात माझ्या एका मित्राच्या आईने एरिथ्रिटॉलचा डबा बंद केला. ठीक. पण त्यांना मधुमेह आहे आणि डब्याच्या जागी चहात परत दोन चमचे साखर आली, कारण ‘निदान साखर तरी नैसर्गिक’. दिवसाला चार चहा. निबंधात कुणीही साखरेकडे वळा असं म्हटलं नव्हतं. पण ‘वाईट’ असं नुसतं म्हटलं आणि कशाच्या तुलनेत ते सांगितलं नाही, की ती रिकामी जागा प्रत्येक घर आपापल्या परीने भरतं. कुठे साखर येते, कुठे गूळ येतो, आणि गूळही बहुतांश सुक्रोजच.

मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक सूचना आली तेव्हाही हेच झालं. सूचना होती : वजन आटोक्यात ठेवण्यासाठी बिनसाखरेचे गोडवे वापरू नका. ती सशर्त होती, आधीच मधुमेह असलेल्यांना लागू नव्हती आणि एरिथ्रिटॉल-झायलिटॉलसारखे शुगर अल्कोहोल तिच्यात धरलेच नव्हते. ही तिन्ही वाक्यं सूचनेतच आहेत. तरीही मधुमेह असलेल्यांना एरिथ्रिटॉल सोडायला सांगताना तिचा हवाला दिला जातो.

त्या सूचनेमागचा २०२२ चा आढावा मात्र जरूर वाचा, २८३ अभ्यास एकत्र केलेत. त्यात एक विसंगती उघडपणे पडलेली आहे. रँडमाइज्ड ट्रायलमध्ये गोडवे वापरणाऱ्यांचं वजन सरासरी ०.७१ किलोने कमी. वर्षानुवर्षं चाललेल्या कोहोर्टमध्ये उलट : गोड पण बिनसाखरेची पेयं पिणाऱ्यांत टाइप २ मधुमेहाचा धोका २३ टक्के जास्त. कुणावर विश्वास ठेवायचा? ट्रायल छोट्या काळाच्या असतात, हे खरं. पण डाएट सोडा कोण पितं? ज्याचं वजन आधीच वाढतंय तो. उलटं कार्यकारण, म्हणजे आजाराच्या चाहुलीने माणूस गोडव्याकडे वळतो आणि गोडव्यामुळे आजार आला असं दिसतं. शिवाय ट्रायलमध्ये तुलना बहुधा साखरेशी होते, कोहोर्टमध्ये ‘न पिणाऱ्यांशी’, ज्यांत पाणी पिणारेही आले. दोन्ही आकडे खरे असू शकतात, कारण ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. त्याच वर्षी ‘जामा नेटवर्क ओपन’मध्ये मॅकग्लिन आणि सहकाऱ्यांनी १७ ट्रायल, १७३३ प्रौढ घेऊन नेमकं ‘कशाच्या जागी काय’ असं मांडलं, तेव्हा साखरेच्या पेयाच्या जागी बिनसाखरेचं पेय घेतल्यास वजन सरासरी १.०६ किलोने कमी असं निघालं. किरकोळ आहे. पण प्रश्न स्पष्ट आहे.

आपल्याकडचं एक उदाहरण : चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनने टाइप २ मधुमेह असलेल्या १७९ जणांवर १२ आठवड्यांची ट्रायल केली, २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. चहा-कॉफीतल्या साखरेच्या जागी सुक्रालोज. एचबीएवनसीमध्ये दोन गटांत लक्षणीय फरक नाही, वजन आणि कंबर यांत थोडा फायदा. बातमी होण्याजोगं काही नाही, पण मला हा अभ्यास आवडतो. माणसं आपली, मधुमेही, पदार्थ रोजचा, आणि तुलना तीच जी स्वयंपाकघरात खरोखर होते. फक्त हे लोक लो-कार्ब आहारावर नव्हते. बाकी ताटात भात-इडली होतीच. ज्याने ताटातली कर्बोदकं आधीच काढलीत त्याच्या बाबतीत चहातल्या साखरेचं वजन वाढतं की घटतं, हे या ट्रायलवरून सांगता येत नाही.

नेमकी इथे एक रिकामी जागा आहे. लो-कार्बच्या ट्रायलमध्ये भात, पोळी, साखर सगळं एकदम बदलतं आणि गोडवा कुठला वापरायचा हे सहभागींच्या मर्जीवर सोडलेलं असतं. सिनॉप्सिस लिहायचा असेल तर : टाइप २ मधुमेह असलेले आणि आधीपासून लो-कार्ब पाळणारे लोक, तीन गट, एकाला चहात साखर, ठरवलेल्या मर्यादेत, दुसऱ्याला एरिथ्रिटॉल, भर नसलेलं, तिसऱ्याला काहीच नाही, फिका चहा. १२ आठवडे. मुख्य मोजमाप सतत ग्लुकोज मोजणाऱ्या सेन्सरवरची सरासरी, जोडीला प्लेटलेटची चाचणी. हृदयविकार मोजायच्या भानगडीत पडू नका, त्याला हजारो माणसं आणि अनेक वर्षं लागतील, तुमची फेलोशिप पाच वर्षांची आहे.

अडचण तिसऱ्या गटाची. पहिल्या दोघांना एकसारखी पांढरी पुडी देऊन अंधारात ठेवायचा प्रयत्न तरी करता येतो (एरिथ्रिटॉल जिभेवर थंड लागतं, त्यामुळे गरम चहातच द्या). फिका चहा पिणाऱ्याला मात्र पहिल्या घोटात कळतं की आपण कुठल्या गटात आहोत, आणि मग तो संध्याकाळी जास्त काजू खातो का, हे तुम्हाला आहाराच्या नोंदीतून शोधावं लागेल. गाईडकडे जाण्याआधी या एका मुद्द्यावर दोन पानं लिहून ठेवा, पहिला प्रश्न ते यावरच विचारतील.